बू लास्मी ‘छान’ म्हणाल्या

बू लास्मींच्या घरातली सकाळ आवाजांवरून ओळखावी. मागच्या बाजूला कढईत सोयाबीनच्या टेंपेचे काप चुरचुरत असायचे. पुढच्या व्हरांड्यात त्यांचे यजमान पाक दार्सोनो पिंजऱ्यातल्या होल्याला घुमायला शिकवत बसायचे. होला अजून गप्पच होता, यजमान मात्र आताशा फार सुरेख घुमत. आणि मधल्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसलेली सून तिउर मेदानला आपल्या आईशी फोनवर बोलायची. तिच्या माहेरच्या बाताक लोकांना खरं तर फोनचा खर्च करायचं कारण नाही, खिडकी उघडून बोललं तरी समुद्रापलीकडे पोचेल, असं सोलो शहरातल्या त्या गल्लीचं मत होतं. अर्थात कुणी ते बोलून दाखवलं नव्हतं. भेटले की म्हणायचे, “सूनबाईंचा आवाज किती स्पष्ट आहे हो!”

त्या सकाळी या सगळ्या आवाजांत दारावर टकटक झाली. म्हणजे झाली असावी. सोलोत दार असं वाजवतात, की त्याची आधी माफी मागून घेतल्यासारखं वाटतं. बू लास्मींनी गॅस बारीक केला, तोवर तिउर फोन कानाला लावूनच दाराशी पोचली होती.

“अय्या, बू रुसमिनी! कधीच्या उभ्या आहात? जोरात ठोकायचं ना!”

बू रुसमिनी हसल्या. शहरातल्या निम्म्या लग्नांच्या जेवणावळी याच बाईंच्या स्वयंपाकघरातून जातात. हातात केळीच्या पानाने झाकलेली थाळी होती. “कुठं, आत्ताच आले,” असं म्हणताना त्यांनी कपाळावरचा घाम टिपला.

त्यांच्या धंद्याची वेबसाइट तिउर बनवत होती. लग्न होऊन सोलोत आल्यापासून मिळालेलं हे तिचं पहिलंच काम. फोटो बू रुसमिनींनी दिले होते, सगळ्या पदार्थांचे. पहिलं पान तयार होऊन आठवडा झाला होता. तिउरने ते गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं, तर उत्तरादाखल इतकी गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात आले की एखाद्याचं दुखवटा-पत्रक टाकलंय की काय असं वाटावं.

बू रुसमिनी बसल्या. आधी होल्याचं कौतुक झालं. अंगाने किती भरलाय. मग मांजराचं. मग चहाचं. मग म्हणाल्या, “म्बाक्यू, तुमच्या सुनेने काय कष्ट घेतलेत हो! रात्रंदिवस त्या पडद्याकडे बघायचं. डोळे दुखत असतील पोरीचे.”

‘म्बाक्यू’ म्हणजे ताई, ‘इबू’ म्हणजे आई; आदराने नावाआधी बाईला ‘बू’ लावतात, पुरुषाला ‘पाक’. बू रुसमिनी बू लास्मींहून वयाने मोठ्या आहेत. त्या ताई म्हणू लागल्या की काहीतरी बिनसलंय, हे बू लास्मी ओळखतात.

“पण आवडलं ना?” तिउरने विचारलं.

“छान आहे. फारच छान. घाई कशाला? सावकाश होऊ दे.”

“आणखी काही बदलायचं तर सांगा हं. आज मी रंग थोडे उजळलेत. हे बघा.”

तिने कॉम्प्युटर वळवला. पडदाभर एकच पेला. त्यात चुरलेला बर्फ, कोवळ्या नारळाच्या पातळ चकत्या, वरून गुलाबी सरबताची धार, आणि काचेवर बाहेरून जमलेले थेंब. त्याखाली नाजूक करड्या अक्षरांत कसलंसं वाक्य. फोटो असा की बघणाऱ्याच्या दाताला कळ लागावी.

बू रुसमिनी म्हणाल्या, “छान.” आणि त्यांचा हात खुर्चीखाली जाऊन पर्स चाचपू लागला. पुढच्या क्षणी त्या उभ्या होत्या. चहा अर्धा पेला शिल्लक. “बरं, निघते आता.”

“अहो, आत्ताच तर आलात!”

“हो हो, तेच. निघायलाच हवं.”

दार लागल्यावर तिउर टेबलाशी येऊन धप्पकन बसली. “बघितलंत इबू? प्रत्येक वेळी हेच. पान दाखवलं की माणूस उठतो. शेजारच्या बू हार्तातीही अश्शाच उठल्या. चर्चच्या गायकमंडळातल्या बायकांना दाखवलं, तर तालीम अर्ध्यावर टाकून गेल्या. आणि सगळ्या छान म्हणतात! मला वाईट म्हटलं तरी चालेल हो. पण काय वाईट ते तर कळू दे.”

“छानच आहे गं,” बू लास्मी म्हणाल्या. “पेला किती स्वच्छ आलाय.”

हे वाक्य तिउरच्या जागी सोलोतल्या कुणी ऐकलं असतं तर त्याने संध्याकाळच्या आत ते पान फाडून नवं केलं असतं.

कारण बू लास्मींचं शब्द निवडणं म्हणजे गल्लीतली मान्यताप्राप्त विद्या होती. तरुणपणी त्या जोग्या शहरातल्या कॉलेजात इतिहास शिकल्या. पुढे नोकरी केली नाही, संसार केला. पण इतिहासाने त्यांना एक गोष्ट शिकवली होती: दरबारी बखरीत काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय ते वाचावं. लग्नाआधी मुली आपल्या कबायाचं, म्हणजे लग्नातल्या पोलक्याचं, कापड त्यांच्याकडे घेऊन येत. बू लास्मी ते उजेडात धरून सावकाश बघत आणि कापड भयंकर असेल तर म्हणत, “बटणं अगदी नाजूक आहेत.” मुलगी आभार मानून जाई आणि बटणं तेवढी ठेवून कापड बदली. कुणाचा अपमान नाही, कुणाला रडू नाही. एकदा पाक दार्सोनो हौसेने जांभळ्या मखमलीचा सोफा घेऊन आले. बू लास्मींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “लाकूड मजबूत आहे.” दुसऱ्या दिवशी सोफा दुकानात परत गेला. नवरा-बायकोत त्यावर एक शब्द झाला नाही. असा तो सुखाचा संसार.

मग मुलगा दानार जाकार्ताहून तिउरला घेऊन आला, आणि ही सगळी विद्या एका फटक्यात निकामी झाली.

तिउरने बैठकीच्या खोलीला पडदे आणले. भगवे, त्यावर हिरवे पोपट. बू लास्मींनी कापड बोटांत धरलं आणि म्हणाल्या, “धुवायला सोपं दिसतंय.” तिउर खूश झाली. दुसऱ्या दिवशी तसलेच पडदे बू लास्मींच्या झोपायच्या खोलीलाही लागले. त्या तेव्हापासून पोपटांकडे बघत झोपी जात.

पडद्यांचं एक वेळ चालून जातं. पण गेल्या आठवड्यात जाकार्तातल्या तिउरच्या जुन्या ऑफिसने तिला परत बोलावलं होतं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. दानार इथल्या तंत्रशाळेत शिकवतो, त्यालाही तिकडे काहीतरी मिळेल. तिउर सरळ सासूसमोर येऊन बसली. “इबू, तुमचं मत काय?”

बू लास्मींना वाटत होतं तिने जाऊ नये. त्या पोरीचा आवाज, तिचं दाण्‌दाण्‌ चालणं, आल्यागेल्याला ‘जेवलात का’ऐवजी ‘कशाला आलात’ विचारणं, या सगळ्याची घराला सवय लागली होती. ती चर्चला गेली की घर होल्यासारखं गप्प होई. म्हणून त्यांनी स्वतःला जमेल तितक्या कडक शब्दांत विरोध नोंदवला. त्या म्हणाल्या, “जाकार्तात पगार चांगला असतो. रस्तेही मोठे आहेत. हुशार मुली तिथे पुढे जातात.”

सोलोतली कुठलीही सून हे ऐकून बॅग माळ्यावर टाकती. तिउरच्या डोळ्यांत पाणी आलं. “इबू, तुमचं मन किती मोठं आहे!” म्हणून तिने सासूला मिठी मारली. दानार दारात उभा होता. आईचा मुलगा, त्याला सगळं समजलं. पण तो बापाचाही मुलगा होता. त्यामुळे तो होल्याला दाणे घालायला निघून गेला.

आता हे पहिलं कामही असंच गेलं तर सोमवारचं उत्तर काय असेल, ते सांगायला नको होतं. “इथल्या लोकांना माझं काम कळत नाही, किंवा मला इथले लोक कळत नाहीत,” तिउर म्हणाली होती. “दोन्हीपैकी काहीही असलं तरी मी इथे काय करू?”

बू लास्मींनी ठरवलं, पोरीला सांगायचं. अगदी स्पष्ट सांगायचं. त्यांच्या मते अगदी स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी तिउर उठून टेबलाशी आली तेव्हा तिच्यासमोर चहा नव्हता. बर्फाचा पेला होता. गुलाबी सरबत, नारळाच्या चकत्या, सगळं फोटोतल्यासारखं. बू लास्मी समोर हाताची घडी घालून बसल्या. आता या पोरीला जाणवेल, दिवसाची सुरुवात बर्फाने झाली की कसं चमत्कारिक वाटतं.

“बर्फ! सकाळी सकाळी!” तिउरने घटाघटा पेला संपवला. “मस्तच. आणखी आहे?”

पाक दार्सोनोंनी चहाचा कप खाली ठेवला, बर्फाकडे पाहिलं आणि सवयीने उठून उभे राहिले. मग आपण आपल्याच घरात आहोत हे लक्षात येऊन पुन्हा बसले.

रविवारी लग्न होतं. पाक दार्सोनोंच्या आतेभावाच्या मुलीचं. जेवण बू रुसमिनींचं. बू लास्मींनी मनाशी म्हटलं, आता मला बोलायला नकोच. हॉलमध्ये ती स्वतःच बघेल.

दिसत तर सगळं होतं. खुर्च्यांच्या ओळी लावलेल्या, टेबलं नाहीत. पोरं तबकं डोक्यावर धरून येतात आणि बशा ओळीने हातोहात पुढे सरकत जातात. आधी चहा. मग खाऊची बशी, अंड्याच्या पातळ पोळीत गुंडाळलेलं खिम्याचं सारण. मग सूप. मग भात. व्यासपीठावर नवरा-नवरी बसल्याबसल्या अवघडून गेलेली, आणि सूत्रसंचालक जुन्या जड जावानी भाषेत आशीर्वचनं देतोय. ती त्यालाही पूर्ण कळत नसावीत, इतक्या आत्मविश्वासाने तो बोलत होता. तिउर आवडीने जेवली. ओळीतल्या अनोळखी म्हातारीला तिने विचारलं, “तुम्ही मुलीकडच्या का हो? मुलगा कमावतो किती?” म्हातारी म्हणाली, “तुमच्या पोरीची तब्येत छान आहे.” हे तिने बू लास्मींकडे बघून म्हटलं.

शेवटी बर्फाचे पेले आले.

आणि मग तेच झालं जे या शहरात नेहमी होतं. चमचे पेल्यात फिरले, दोन-दोन घास तोंडात गेले, खुर्च्यांखालून पर्स निघाल्या, शाली सारख्या झाल्या आणि ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. कुणी ‘चला’ म्हटलं नाही. यजमानाने कुणाला ‘या आता’ म्हणायचं नसतं, म्हणून तर बर्फ आहे. बघता बघता अख्खा हॉल दाराशी जमला.

तिउर एकटी बसून होती. नारळाची चकती चमच्याने शोधत. बू लास्मी तिच्याशेजारी उभ्या राहिल्या, मग बसल्या. पोरं मागून खुर्च्या उचलू लागली होती.

“काय घाई असते हो लोकांना इथे,” तिउर म्हणाली. “माझ्या वेबसाइटवरही अशीच करतात.”

बू लास्मी तिच्याकडे बघत राहिल्या. पोरगी अगदी दाराशी येऊन उभी होती, कडीला तेवढा हात लावत नव्हती.

“हॉल छान सजवलाय,” त्या म्हणाल्या.

“इबू,” तिउरने पेला खाली ठेवला. “उद्या सोमवार आहे. मी आज पहिल्यांदा नीट विचारते, आणि तुम्ही छान म्हणायचं नाही. वाईटही म्हणू नका. आमच्या कामात ते दोन्ही शब्द काही उपयोगाचे नसतात. फक्त दोनच गोष्टी सांगा. पान उघडल्यावर डोळ्यांना आधी काय दिसलं? आणि ते बघून काय करावंसं वाटलं?”

तिने फोनवर पान उघडून समोर धरलं. बू लास्मींनी पाहिलं. त्यांनी आयुष्यभर लोकांना वाट दाखवली होती ती नेहमी वळसा घालून. समोरून सरळ रस्ता विचारला जातोय, हे त्यांना नवीन होतं.

“बर्फ दिसला,” त्या म्हणाल्या.

“बरोबर. मग?”

“मग…” त्यांनी आजूबाजूला पाहिलं. ऐकायला एकही पाहुणा जवळ राहिला नव्हता. “घरी जावंसं वाटलं.”

तिउरचा चेहरा उतरला. “इतकं वाईट झालंय?”

“अगं नाही! इतकं चांगलं झालंय. अगदी खराच बर्फ वाटतो. म्हणून तर. बर्फ आला की उठायचं असतं, न्दुक, पोरी. जेवण संपलं, आता निघा, असं यजमान तोंडाने कसं म्हणणार? म्हणून बर्फ देतात.”

तिउरने खाली ठेवलेल्या पेल्याकडे पाहिलं. रिकाम्या हॉलकडे पाहिलं. तिच्या खुर्चीची पाठ धरून मघापासून आदबीने थांबलेल्या पोराकडे पाहिलं. मग फोनकडे.

“म्हणजे,” ती सावकाश म्हणाली, “मी लोकांना दारातच निरोप देत होते? या, स्वागत आहे, चालते व्हा?”

आणि ती हसली. बाताक हसणं ते. व्यासपीठावरची नवरी दचकली, सूत्रसंचालकाने माइकला हात लावून तपासला.

“पण मग कुणी मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं की,” बू लास्मींना खरंच आश्चर्य वाटलं. “सगळ्यांनी सांगितलं. उठून गेले ना.”

“आणि बू रुसमिनी? कष्टाचं कौतुक करत होत्या त्या?”

“काम आवडलं असतं तर कामाचं केलं असतं.”

तिउरने पर्समधून पेन काढलं आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं: बर्फ सगळ्यात खाली. वर चहा. तिचे डोळे चमकायला लागले होते. “म्हणजे पान खाली सरकवत जायचं ते जेवणाच्या क्रमाने. चहा, खाऊ, सूप, भात. आणि बर्फापाशी पोचेपर्यंत माणसाने तारीख नोंदवलेली असली पाहिजे! इबू, हे तर मला जाकार्तात कुणी जन्मात सांगितलं नसतं. आणखी सांगा. फोटोखालची अक्षरं कशी आहेत?”

“नाजूक आहेत.”

“इबू!”

“दिसत नाहीत,” बू लास्मी म्हणाल्या. एकदा सुरुवात झाल्यावर ते वाटलं होतं तितकं अवघड नव्हतं. “करड्यावर करडी काढली आहेस. पावसाळ्यात दोरीवर न वाळलेल्या कपड्यांसारखी दिसतात. मी चष्मा पुसला, मग तुझ्या सासऱ्यांचा चष्मा लावून पाहिला. त्यातून शेवटी एक शब्द लागला, तोही चुकीचा.”

“अक्षरं गडद, मोठी,” तिउर लिहीत होती. “पुढे?”

“फोन नंबर सापडत नाही. परवा मला बू रुसमिनींशी बोलायचं होतं, म्हटलं तुझ्या पानावरून घ्यावा. बराच वेळ शोधला. शेवटी नंबर विचारायला मी त्यांनाच फोन केला.”

“म्हणजे नंबर होता तुमच्याकडे?”

“होता. पण तुझ्या पानावर शोधायला नको का? तू इतके कष्ट घेतलेस.”

तिउर पेन थांबवून त्यांच्याकडे बघू लागली. कष्ट हा शब्द तिला आता नव्याने ऐकू आला होता. बू लास्मींना वाटलं, मघाशी पोरीच्या हाती किल्ली दिली खरी, पण ती फक्त वेबसाइटच्या कुलपाला लागते असं काही तिला सांगायचं राहिलं.

“इबू,” तिउर म्हणाली, “तुमच्या खोलीतले पडदे…”

“धुवायला खरंच सोपे आहेत,” बू लास्मी घाईने म्हणाल्या.

“पोपटांबद्दल काय?”

“पोपट संख्येने भरपूर आहेत.”

तिउरने डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते, जणू गेल्या सगळ्या महिन्यांतली वाक्यं ती एकेक काढून उलटी करून बघत होती. आमटीबद्दलचं. केसांबद्दलचं. गाण्याबद्दलचं. पोराने हळूच शेजारच्या चार खुर्च्या नेल्या. आता हॉलच्या मधोमध त्या दोघींच्याच खुर्च्या उरल्या होत्या. दाराशी पाक दार्सोनो आणि दानार, दोघेही सारखेच हात मागे बांधून, छताच्या सजावटीचं बारकाईने निरीक्षण करत उभे होते.

तिउरने डोळे उघडले. या वेळी आवाज खाली होता. तिचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे बू लास्मींना ठाऊक नव्हतं.

“तुम्ही त्या दिवशी म्हणालात, जाकार्तातले रस्ते मोठे आहेत.”

 बू लास्मींच्या मनात आपोआप एक वाक्य तयार झालं होतं, तिथल्या हॉस्पिटलांविषयी. चांगलं, भरीव वाक्य होतं. त्यांनी ते परत आत ढकललं.

“पगार चांगला असतो म्हणालात. हुशार मुली पुढे जातात म्हणालात. मी दानारला सांगितलं, बघ, तुझी आई आनंदाने पाठवतेय. तो होल्याला दाणे घालत राहिला.” तिने लग्नपत्रिका बाजूला ठेवली. “छान-वाईट नको, इबू. मी उद्या त्यांना काय कळवू?”

बू लास्मींनी मांडीवरची पर्स उचलली आणि बाजूला ठेवली. त्यांच्या हातातल्या पेल्यातल्या बर्फाचं केव्हाच पाणी झालं होतं.

“जाऊ नकोस,” त्या म्हणाल्या.